एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, म्हणजे ऑपरेशनच?

कोल्हापूर : शिरोलीच्या फाउंड्रीतला कामगार असो, उसाची मोळी डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारा मजूर असो की तालमीतला मल्ल, कंबर धरली आणि कळ पायात उतरली, की घरात ‘एमआरआय’चा विषय निघतो. अहवालात ‘एल-४, एल-५ डिस्क बल्ज’ असे वाचले की झोप उडते. पण ती ओळ म्हणजे ऑपरेशनचा हुकूम नव्हे.

एमआरआयमध्ये काय दिसते?
दोन मणक्यांमधील गादीचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ गर बाहेर आला, तर शेजारची शीर दबते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात; गादी आणि शीर दिसत नाही. एमआरआयमध्ये गादी कोणत्या मणक्यांमधली, कोणत्या बाजूला, किती सरकली आणि कोणती शीर दबली, हे कळते. यात क्ष-किरण नसतात. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास मात्र आधी सांगणे आवश्यक.

मग अडचण कुठे?
दिसते ते दुखतेच असे नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय करण्यात आला. त्यातील ५२ टक्के जणांची किमान एक गादी फुगलेली निघाली. वयाबरोबर केस पिकतात, तशी गादीही झिजते.

म्हणूनच सर्जन रुग्णाला झोपवून पाय सरळ उचलून पाहतात, अंगठ्याची ताकद आणि बधिरपणा तपासतात. कळ उजव्या पायात आणि चित्रात दबलेली शीर डावीकडची, तर ऑपरेशनने आराम पडेलच असे नाही. चित्र आणि पाय एकच गोष्ट सांगत असतील, तरच ऑपरेशनचा विचार.

थांबायचे की करून टाकायचे?
बहुतेकांचा त्रास औषधे आणि व्यायामाने सुमारे सहा आठवड्यांत कमी होतो. न थांबणाऱ्या कळेच्या २८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. मात्र वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना वर्षभरात ऑपरेशन करावे लागले. हातावर पोट असलेल्याला लवकर मिळणारा आराम मोलाचा असतो. निर्णय घेताना डॉक्टरांनी त्याची ही बाजूही ऐकायला हवी.

घाई केव्हा?
लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, बसण्याची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इथे सहा आठवडे थांबणे महागात पडते.

ऑपरेशन ठरलेच तर?
सर्जनला फक्त अहवालाचा कागद नको, फिल्म किंवा सीडीही दाखवा. एमआरआय जुना असेल आणि मधल्या काळात त्रास बदलला असेल, तर नवा लागेल का, हे विचारा. आणि एक प्रश्न जरूर विचारा : ‘डॉक्टर, माझी कळ या चित्राशी जुळते का?’