विजेवर खापर फोडण्याआधी

मे सरता सरता कणकवलीत वळीव येतो, वीज जाते-येते. सकाळी सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झालेला दिसला की पतपेढीपासून दवाखान्यापर्यंत निदान एकच: रात्री लाइट गेली असणार. आपणही यूपीएसची बॅटरी बदलून बिल लावतो. निदान बरोबर असेलही, पण ते तपासायला वेळ लागत नाही. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद उघडा. बगचेक कोड शून्य असेल तर बहुधा वीज गेली, कोणी बटण दाबून ठेवलं किंवा यंत्र पार गोठलं. दुसरा काही आकडा असेल तर कर्नल कोसळला आहे, आणि मग डंप, म्हणजे कोसळताना डिस्कवर उतरलेली मेमरीची नक्कल, शोधायला हवा.

तो बरेचदा सापडत नाही. सी ड्राइव्हवर जागा व्हावी म्हणून कोणीतरी पेजफाइल डी वर हलवलेली असते, आणि डंप तर सहसा सी वरच्या पेजफाइलमधूनच तयार व्हायचा असतो. डोमेनला न जोडलेल्या यंत्रात २५ जीबीपेक्षा कमी जागा उरली असेल तर तयार झालेला डंपही विंडोज पुसून टाकतं.

लिनक्सची तऱ्हा वेगळी. २००५ च्या २.६.१३ आवृत्तीपासून केडंप आलं. ते घडवण्यात बंगळुरूच्या आयबीएममधल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. राखीव मेमरीत दुसरा कर्नल निजून असतो, पहिला पडला की तो उठतो आणि पहिल्याची मेमरी डिस्कवर लिहितो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये राखीव मेमरीचा ‘ऑटो’ पर्याय काढून टाकला आहे. जुन्या बूट-ओळी डोळे मिटून चिकटवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. केडंपची सेवा चालू दिसते, केक्सेक-क्रॅश-लोडेडमध्ये १ येतो, आणि तरीही रेड (RAID) कार्डाच्या ड्रायव्हरला राखीव मेमरी पुरत नाही, किंवा हार्डवेअर वॉचडॉग लिहिणं अर्ध्यावर असतानाच यंत्र रीसेट करतो. मागे उरते ‘इनकम्प्लीट’ शेपटीची व्हीएमकोअर फाइल.

म्हणून आमचा आग्रह: पावसाआधी यंत्र एकदा मुद्दाम पाडा. बॅकअप घ्या, मालकाची लेखी परवानगी घ्या, कामकाज संपल्यावर लिनक्सला सिस्‌आरक्यूचा ‘सी’, म्हणजे कर्नल मुद्दाम पाडणारी आज्ञा, द्या. मॉनिटर जोडूनच ठेवा, कारण दुसऱ्या कर्नलची तक्रार नेहमीच्या लॉगमध्ये उतरत नाही. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू द्या.

डंप हाती असला की काय होतं ते पाहा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली, हे मायक्रोसॉफ्टने डंप वाचूनच दाखवलं. त्या दिवशी वीज कुठे गेली नव्हती.

डंप हाती आल्यावर मात्र तो व्हॉट्सॲपवर किंवा खिशातल्या पेनड्राइव्हवर फिरवू नका. लिनक्सवर डंप गाळणाऱ्या मेकडंपफाइलची ३१ पातळी लावली की मोकळी पानं, कॅश आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रामांची मेमरी गळते, फाइल लहान होते. तरी डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कर्नलच्या मेमरीत राहू शकतात. दवाखान्याचा सर्व्हर असेल तर कंपनीकडे डंप पाठवण्यापूर्वी डॉक्टरांची सही घ्या.