खुर्ची नावाची प्रॉपर्टी

परवा कालिदास कलामंदिरात प्रयोग संपल्यावर ओळखीच्या एका नटाला भेटायला आत गेलो. पडदा पडून पाच मिनिटं झाली नसतील, तोच नेपथ्य अर्धंअधिक उतरलं होतं. दोन अंक ज्या खुर्चीत बसून नायकाने सगळं घर धाकात ठेवलं, ती उचलायला बॅकस्टेजचा मुलगा येऊन उभा. खाली तिच्या पायांच्या खडूच्या खुणा. अशा सामानाला नाटकवाले ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. बाहेर आपल्याला तोच शब्द ऐकला की सातबारा आठवतो.

या दोन अर्थांमधली ओढाताण आमच्या नाशिकच्या एका प्राध्यापकाने रंगमंचावर आणली होती. हं. प्रा. ठा. कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ चं. त्यातले प्राचार्य विद्यानंद म्हणजे तत्त्वाचा माणूस. पण संस्था स्वतःची मालमत्ता समजणाऱ्यांनी त्यांची खुर्ची तर काढून घेतलीच, वर तुरुंगातही धाडलं. प्रभाकर पणशीकरांचे विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांच्यावर आमच्या आधीची पिढी अजून तास-तास बोलते. कानेटकर स्वतः मात्र पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसले.

नाटककार सतीश आळेकर नेमके उलट्या वाटेने गेले. शिक्षण जीवरसायनशास्त्राचं, नोकरी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आणि जीव थिएटर अकॅडमीच्या तालमीत. ‘महानिर्वाण’ १९७४ चं, ‘बेगम बर्वे’ १९७९ चं. १९९६ साली हा माणूस पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा प्रमुख झाला. ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या भाऊरावांना कीर्तन करायला लावणाऱ्या लेखकासमोर आता हजेरीपत्रकं आणि सहीसाठी आलेल्या फायली!

गंमत सोडा, काम अवघड होतं. विद्यापीठाला वेळापत्रक लागतं; तालीम घड्याळ बघत नाही. गुण एकेकट्याला द्यायचे असतात. नाटक उभं राहतं किंवा पडतं ते सगळ्यांचं मिळून. राज्य नाट्य स्पर्धेत चमकलेल्या मुलाने घरी ‘नाटकच शिकणार’ म्हटलं की, ‘आणि पोटापाण्याचं काय?’ हा प्रश्न नाशिकपासून नागपूरपर्यंत ठरलेला. त्या मुलाला दाखवायला विद्यापीठातलं एक दार असणं, ही लहान गोष्ट नाही. आळेकरांनी ते दार बारा-तेरा वर्षं सांभाळलं आणि २००९ साली खुर्ची सोडली. केंद्र आपलं चालूच आहे.

मला वाटतं, नाटकवाल्याला असं खुर्ची सांभाळणं आणि सोडणं जमतं, कारण खुर्चीत जीव ओतून बसायचं आणि अंक संपला की उठायचं, ही सवय त्याच्या अंगी मुरलेली असते. परवा मी बॅकस्टेजच्या त्या मुलाला विचारलं, ‘‘बसू का रे जरा?’’

‘‘बसा की काका,’’ तो म्हणाला, ‘‘पण दोनच मिनिटं. गाडी भरायचीय.’’