झऱ्याकाठी मुक्काम

चिपळूणहून गोव्याच्या दिशेनं निघालं की सावर्डे मागे पडतं, मग आरवली येते आणि पुढे तुरळ. गाडीतल्या कुणाला तरी आठवतं, ‘अरे, इथे गरम पाण्याची कुंडं आहेत ना!’ गाडी बाजूला घेतली जाते. पुरुषमंडळी पँट दुमडून पाय बुडवतात, मुलं ‘भाजलं, भाजलं’ म्हणून ओरडतात, बायका काठावर उभ्या राहून फोटो काढतात. थोड्या वेळात सगळे परत गाडीत. संगमेश्वर गाठायचं असतं, जेवायला रत्नागिरीला पोचायचं असतं. पावसाचं पाणी जमिनीच्या पोटात खोल उतरून, तापून आपल्यासाठी वर येतं आणि आपण त्याच्यापाशी चहाच्या थांब्याइतकंही रेंगाळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे वाईट वाटणं जास्त टोचायला लागलं ते जपानात वाकुराला राहून आल्यापासून. नोतो द्वीपकल्पावर, नानाओच्या उपसागराला लागून हे छोटं गाव आहे. भाची तिकडे नोकरीला होती. ‘मावशी, तोक्यो-क्योतो सगळेच बघतात. तू एक रात्र ओनसेनला राहा,’ म्हणाली आणि घेऊन गेली. ओनसेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी आणि त्याच्या आधारानं वसलेलं गावही. तिथे उतरायचं ते ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सरायीत. चपला दारातच काढायच्या. खोलीत तातामीच्या चटया, मधे एक बुटकं मेज, भिंतीला टेकलेलं काही नाही. किमोनो नेसलेल्या एक बाई गुडघ्यांवर बसून सरकत्या दारातून आत आल्या, चहा आणि छोटासा गोड पदार्थ पुढे ठेवला. उपाशीपोटी गरम पाण्यात उतरू नये म्हणून हे आधी खायचं, असं भाचीनं सांगितलं. मग युकाता हा सुती झगा अंगात घालायचा, डावी बाजू उजवीवर घेऊन. उलटी बाजू फक्त मृताला गुंडाळताना वर घेतात, त्यामुळे हे नीट बघून घ्यावं लागतं.

आणि मग स्नान. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, दाराला पडदा. आत अंगावर काहीही ठेवायचं नाही. आपल्याकडच्या बाईला हे ऐकूनच कसंतरी होतं, मलाही झालं. पण आत गेल्यावर कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. आजी, सून, नात, सगळ्या आपापल्या कामात. ते काम म्हणजे अंग धुणं. भिंतीलगत बुटकी स्टुलं, शेजारी छोटं घमेलं, हातात धरायचा फवारा. स्टुलावर बसून केसांपासून टाचांपर्यंत साबण लावून घासायचं, फेसाचा थेंबही राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे. उठताना पुढच्या बाईसाठी स्टूल आणि घमेलं धुऊन ठेवायचं. एवढं झाल्यावरच कुंडात पाय टाकायचा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, तो घडी करून डोक्यावर. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाईंनी आपलं स्टूल धुतलं, ते उपडं करून निथळत ठेवलं आणि पुन्हा एकदा त्यावर पाणी ओतलं. त्यांच्या त्या दुसऱ्यांदा ओतलेल्या पाण्यात मला सगळं ओनसेन कळलं. ज्या पाण्यात अनोळखी माणसं एकत्र बसणार, त्यात कुणाचाच मळ जाता कामा नये.

काचेपलीकडे उपसागराचं स्थिर पाणी होतं. ओठाला लागलेलं कुंडाचं पाणी खारट लागलं. जेवणात त्याच उपसागराची मासळी होती. जेवून येईतो खोलीत गाद्या घातल्या होत्या. रात्री पुन्हा पाण्यात, पहाटे पुन्हा. गरम पाणी अंगात मुरायला मधली झोप लागते, हे मला तिथे उमजलं. गुडघे माझे, पण त्या सकाळी ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे हलके होते.

जपानचं पाणी तापतं ते बहुतांशी ज्वालामुखींच्या धगीवर. तिथे अशा झऱ्यांचे 27 हजारांच्या आसपास उगम आहेत आणि त्यांच्यासाठी 1948 चा वेगळा कायदाही आहे. उगमापाशी पाणी निदान 25 अंशांचं असावं किंवा त्यात ठरलेले क्षार असावेत, तरच ते ओनसेन. आपल्या कोकणात धगधगता ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो केव्हाच निवला. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला काही भेगांतून खोल खोल उतरतो. खाली जावं तशी जमीन तापत जाते, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगांनी वर येतं, येताना क्षार घेऊन येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, आपल्या वाटेवरची आरवली, तुरळ आणि राजवाडी, थेट राजापूरचं उन्हाळे, अशी ही रांग पालघरपासून राजापुरापर्यंत गेली आहे. आरवलीचं पाणी चाळीस अंशांच्या पुढेमागे, सुखानं बसावं असं. तुरळचं साठीच्या आसपास, उन्हवऱ्याचं सत्तरीच्या. जपानी कायद्याच्या मोजपट्टीवर हे सगळे झरे अगदी सहज बसतील.

तुरळच्या कुंडावर मला भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं होतं, ‘आधी पायांवर घ्या, मग कमरेवर. एकदम अंगावर ओतू नका, घेरी येईल.’ गुडघेदुखीवर त्या दर आठवड्याला येत. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं, हे वाकुराच्या सरायीतही सांगितलं होतं. म्हणजे जाणकारी आपल्याकडेही आहे, फक्त ती एखाद्या बाईंपाशी, एखाद्या पुजाऱ्यापाशी राहिली आहे. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींच्या भक्तांमुळे झऱ्याकाठी मुक्कामाची रीत पडली, ती देवाच्या ओढीनं. राजवाडीच्या सोमेश्वरापाशीही देऊळ आणि ऊन पाणी शेजारी शेजारी आहेत. देवळापाशी माणूस चपला काढतो, हळू बोलतो. पाण्यापाशी मात्र शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि सोडून दिलेले ओले कपडे टाकून येतो. उघड्या कुंडावर बाईमाणसानं बसायचं कसं, हा प्रश्न तर बहुतेकांना पडतच नाही. अर्धी माणसं काठावरूनच परत जातात त्याचं कारण हे आहे.

पाहुणा ठेवणं कोकणाला शिकवायला नको. गुहागर, मुरुड, हर्णे, गणपतीपुळे इथे घरोघरी पर्यटक उतरतात. एमटीडीसीच्या निवास व न्याहारी योजनेनं कितीतरी घरांना हात दिला. घावन-चटणी, कुळथाचं पिठलं, तिसऱ्यांचं कालवण, सोलकढी, यात कुठल्याही ऱ्योकानच्या ताटापेक्षा आपण उणे नाही. माणसं समुद्रासाठी मुक्काम करतात, झऱ्यासाठी करत नाहीत, एवढाच फरक. आरवली-तुरळच्या पट्ट्यात चार घरांनी दोन-दोन खोल्या काढल्या, संध्याकाळी स्नान, रात्री गरम जेवण, पहाटे पुन्हा स्नान असा क्रम लावून दिला, तर डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्याची माणसं त्यासाठी मुद्दाम येतील. कोकण रेल्वेचं आरवली रोड स्टेशनही हाताशी आहे. मोठं रिसॉर्ट मात्र इथे नको. झऱ्याचं पाणी मोजकं असतं, शेजारी बोअर मारून ओढत राहिलं तर उगमच मंदावण्याची भीती. गावाच्या हातात राहील तेवढंच करावं.

1 जानेवारी 2024 रोजी नोतोला 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाकुराच्या बहुतेक सगळ्या सरायी बंद पडल्या. बातमी वाचताना मला आपली 22 जुलै 2021 आठवली, वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली ती. चिखल उपसून पुन्हा दुकान मांडणं म्हणजे काय, हे चिपळूणकराला सांगावं लागत नाही. तिकडचे सरायवाले पुन्हा उभं राहायची धडपड करताहेत, कारण त्यांचं अख्खं गाव त्या पाण्यावर जगतं.

आपल्याकडे सुरुवात फार थोड्यात होईल. कुंडाच्या अलीकडे एक न्हाणी, तिला नळ, बादली-तांब्या, बसायला पाट. बायकांच्या बाजूला आतून कडी लागणारं दार. सांडपाणी कुंडाकडे न जाता शेताकडे जाईल असा पाट. आणि दारात उभी राहणारी गावातलीच एक खमकी बाई, जी येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल, ‘आधी अंग धुवा, साबण इथेच संपवा, मग आत उतरा.’ तिला महिन्याचा पगार ग्रामपंचायतीनं द्यावा आणि तो प्रवेशाच्या तिकिटातून काढावा. दहा रुपये तिकीट ठेवलं तरी कुणी नाही म्हणणार नाही.