डबा उतरला पाहिजे

पिकअपवर डबा चढवल्याचा फोटो स्टेटसला टाकला की अर्ध्या तासात दोन-तीन मेसेज येतातच. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘भाऊ, खर्च किती आला?’ ‘वजन किती भरलं?’ असं दोन वर्षांत मला एकानंच विचारलं, तेही वजनकाट्यावरच्या पोरानं, आणि त्याचं तर ते कामच आहे. ‘रात्री थांबता कुठं?’ हे फक्त बायांनी विचारलं.

माझं भांडण प्रश्नांच्या या क्रमाशी आहे. आधी मुक्काम, मग वजन आणि शेवटी खर्च असा क्रम हवा. आपण तो नेमका उलटा लावलाय, आणि तसा लावायला आपल्याला रील्सनी शिकवलंय.

मी नायगावचा. नांदेडहून देगलूर-हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. घरात एक बोलेरो पिकअप आहे, तिचे हप्ते अजून चालू आहेत. सोयाबीन, हळद, हरभरा, लग्नसराईत मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं मारतो. या गाडीच्या हौद्यात बसेल असा एक डबा मी गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलाय. आत झोपायला फळ्या, त्यांच्याखाली सामानाचे खण, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी. चार कोपऱ्यांना जॅकचे पाय. टर्नबकल सोडायचे, पाय जमिनीला टेकवून डबा चार बोटं वर घ्यायचा आणि गाडी खालून पुढं काढायची. डबा अंगणात उभा राहतो, गाडी मोंढ्यात जाते. परदेशात याला ट्रक कॅम्पर म्हणतात. आम्ही डबा म्हणतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या घरगाड्या अशा नसतात. ट्रॅव्हलर नाहीतर मोठी व्हॅन घ्यायची, सीटा उपटायच्या, आत कायमचं घर बांधायचं, पिवळे दिवे लावायचे, मागचं दार उघडून समोर डोंगर दाखवायचा. ती गाडी मग दुसरं कुठलंच काम करत नाही. करणाऱ्याला परवडत असेल तर खुशाल करावं. पण ते बघून आमच्याकडची पोरं हिशेब मांडायला लागतात तेव्हा मला राग येतो. गेल्या वर्षी आम्ही डब्यात १९ रात्री झोपलो. उरलेले ३४६ दिवस माझी गाडी घर चालवत होती. हौद्यात कायमचं घर वेल्ड केलं असतं तर हप्ता कुणी भरला असता? ज्याच्याकडं एकच गाडी आहे आणि तीच पोट भरते, त्याचा डबा उतरलाच पाहिजे. उतरत नसेल तर घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

दुसरा सल्ला असतो, ‘डबल केबिन घे ना, हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस.’ छान गाड्या आहेत, पाच माणसं बसतात. पण किंमत वीस लाखांच्या बरीच पुढं आणि मागचा हौदा जेमतेम पाच फुटांचा. त्यात सरळ पाय करून झोपायचं तर केबिनच्या वर मजला काढावा लागतो, म्हणजे उंची वाढली. साध्या मोठ्या पिकअपचा हौदा नऊ फुटांच्या आसपास, छोट्या हत्तीचा सात. लांबी आमच्याच गाड्यांत आहे.

आता वजन. इथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. पहिला डबा मी लोखंडी अँगल आणि जाड प्लायवूडचा केला, वर सनमायका. काट्यावर नेला तर पाणी न भरता ७४० किलो. मी म्हटलं, पिकअप दीड टन ओढते, हे तर निम्मंच आहे. पण सोयाबीनचं पोतं हौद्यात खाली पसरतं, डबा सहा फूट उभा राहतो आणि वारा अंगावर घेतो. माहूरगडाच्या वळणांवर मागचा भाग असा कलला की मायनं डॅशबोर्ड धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. परत आल्यावर डबा मोडला. त्याच्या प्लायवूडचं बहिणीच्या घरी कपाट झालंय.

दुसरा डबा ॲल्युमिनियम सेक्शनचा, मध्ये पफचं पॅनल. ३९० किलो. उंची मुद्दाम कमी ठेवली, आत ताठ उभं राहता येत नाही. चालतं. पाण्याचा हिशेब कुणी करत नाही, तो करा. एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी म्हणजे एक क्विंटल. ती खाली आणि केबिनच्या बाजूला हवी. जड सामान मागच्या चाकांच्या मागं गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात तरंगायला लागतं. सगळं भरून, घरची माणसं बसवून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग अख्खी गाडी. मागच्या चाकांवर किती आलं ते वजाबाकीनं कळतं. शंभर रील्स बघून जे कळत नाही ते या दोन पावत्यांवर असतं.

गॅसची छोटी टाकी ठेवत असाल तर डब्याला तळाशी जाळी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. थंडी वाजते म्हणून दार लावून शेगडी पेटती ठेवून झोपू नका, माणूस झोपेतच जातो. आणि मे महिन्यात डबा चढवूच नका. आमच्याकडं पारा ४३-४४ वर असतो, पफ असो नाहीतर काही, आत भाजून निघाल. आमचा हंगाम दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मनानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. हौद्यात घर वेल्ड करायच्या आधी हे वाचा. माझा डबा बांधलेला असतो, जोडलेला नसतो; तरीही करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या. चालत्या गाडीत डब्यात कुणीही बसायचं नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि अकलेतही बसत नाही. केबिनमध्ये आम्ही तिघं मावतो: मी, बायको आणि माय.

गावात टोमणे मिळतात. ‘घर असताना डब्यात कामून झोपतूस बाप्पा?’ आमच्या घरात ‘फिरायला जाणं’ हा शब्दच नव्हता. जाणं असायचं ते लग्नाला, मयतीला, दवाखान्यात, नाहीतर माळेगावच्या जत्रेला खंडोबाला. देगलूरजवळचं होट्टल आमच्यापासून तास-दीड तासावर. चालुक्यांच्या काळातली तिथली देवळं माझ्या मायनं साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिली. सिद्धेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या बायांच्या मूर्ती ती एकेक करून बघत होती. ‘हे एवढ्या जवळ हुतं व्हय?’ असं म्हणाली. डब्याचा खर्च विचारणाऱ्यांना मी हे सांगत नाही, कारण ते आकड्यात बसत नाही.

इथवरचं सगळं डबा निवडण्याबद्दल झालं. त्यातलं सगळं तुम्ही पैसे मोजून किंवा डोकं चालवून मिळवू शकता. जे विकत मिळत नाही ते आता सांगतो.

मागच्या कार्तिकीला आम्ही पंढरपूरला निघालो. लातूर-बार्शी रस्त्यावर रात्री एका पेट्रोल पंपाच्या कडेला थांबलो. शेजारी एक ट्रक येऊन उभा राहिला. ऊसतोडीला निघालेली माणसं होती, मुखेडकडची. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, कोपीसाठी बांबू आणि प्लास्टिकचा कागद, दोन शेळ्या आणि पेंगुळलेली लेकरं. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागातून अशा गाड्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम पुढं असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता.

पंपाच्या शौचालयाला कुलूप होतं. चावी शेठकडं, शेठ घरी. पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा ही सोय मोफत द्यायची असते; पाटीही होती, चकचकीत. माझ्या डब्यातली टाकी भरलेली होती, तरी माय दुपारी तीनपासून पाणी पीत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, ‘कामून पिऊ रं? उतरायचं कुठं?’ ट्रकमधल्या बायांनीही दुपारपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. शेवटी माझी बॅटरी घेऊन सगळ्या बाया मिळून अंधारात पंपामागच्या शेतात गेल्या. पफचं पॅनल, ॲल्युमिनियम सेक्शन, ३९० किलो, सगळ्या हुशारीचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

तुम्ही म्हणाल, डब्यात कमोड बसव. बसवलाय आता, टाकी सरकवून बाहेर काढता येते असा. पण ती टाकी रिकामी कुठं करायची? रस्त्याकडेला ओतली तर माझी घाण दुसऱ्याच्या रानात. मी ती घरी आणून आमच्याच संडासात ओततो, त्यामुळं आमचा प्रवास दोन-तीन रात्रींच्या पुढं जात नाही.

त्या रात्री मला जॉन स्टाइनबेक आठवला. वाचणाऱ्यांना ठाऊक असेल, १९६० साली हा अमेरिकन लेखक पिकअपवर असाच डबा चढवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला होता. गाडीचं नाव त्यानं डॉन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवलं. त्या प्रवासाचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. जगभरचे घरगाडीवाले त्याचं नाव घेतात. पण याच माणसानं १९३९ मध्ये दुसऱ्या एका ट्रकची कादंबरी लिहिली होती, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’. तिच्यातलं जोड कुटुंब जमीन गेल्यावर जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतं आणि अख्खा संसार लादून कामासाठी कॅलिफोर्नियाकडं निघतं. वाटेत आणि पोचल्यावरही त्यांना सगळीकडून हाकललं जातं. फक्त एका सरकारी छावणीत त्यांना माणसासारखं राहायला मिळतं. तिथं काय असतं? नळ, संडास, न्हाणीघर आणि राहणाऱ्यांनीच चालवलेली समिती. अशा छावण्या तिथं त्या काळात खरोखर बांधल्या गेल्या होत्या.

लातूर-बार्शी रस्त्यावर ते दोन्ही ट्रक शेजारी शेजारी उभे होते. एक हौसेचा, माझा. एक पोटाचा, त्यांचा. आणि दोघांसाठी कुलूप एकच होतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पार्क व्हावेत, तिथं गाडी लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं. चांगलं आहे, मी विरोधात नाही. पण त्यात गाडीत राहणारा म्हणजे पर्यटक, हे गृहीत आहे. गाडीत रात्री काढणारी माणसं या राज्यात आधीपासून आहेत: ऊसतोड, ट्रक ड्रायव्हर, दिंडीमागच्या सामानाच्या गाड्या, पंजाबातून येणारे हार्वेस्टरवाले. त्यांना पार्क नको, पंपाची चावी हवी. आणि आमच्यासारख्या हौशी डबेवाल्यांनी ‘आमच्यासाठी वेगळे पार्क करा’ म्हणत त्यांच्यापासून फटकून राहणं मला लाजिरवाणं वाटतं. एकोणीस रात्रींच्या हौसेसाठी सोय मागायची आणि सहा महिने तसं राहणाऱ्यांचं नाव काढायचं नाही?

जागा नवीन शोधायचीही गरज नाही. जवळपास प्रत्येक तालुक्याला बाजार समितीचं आवार असतं. मोकळं मैदान, दिवे, राखणदार आणि बहुतेक ठिकाणी वजनकाटासुद्धा. तिथं एक नळ आणि कुलूप नसलेलं, रोज धुतलं जाणारं शौचालय, बायांचं वेगळं. रात्री कुणाचीही गाडी उभी राहू द्यायची, पिवळ्या पाटीची असो की पांढऱ्या. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला एका नळाची किंमत समजावून सांगायला नको.

मी आमच्या भागातल्या एका बाजार समितीत तसा अर्ज घेऊन गेलो. तिथले बाबू हसले. म्हणाले, ‘मोंढ्यात येणाऱ्या शेतकऱ्यालाच इथं धड संडास नाही, तुमच्या डब्याला कुठून देऊ?’ मला आधी राग आला, मग वाटलं, माणूस बरोबर बोलतोय. अर्ज घरी आणून पुन्हा लिहिला. पहिल्या ओळीत माल घेऊन येणारे शेतकरी आणि हमाल, दुसऱ्या ओळीत ऊसतोडीच्या गाड्या, डबा शेवटी. आता त्याच्यावर सह्या गोळा करतोय. मोंढ्यातल्या माणसांच्या सह्या लवकर मिळतात. स्टेटस बघून खर्च विचारणाऱ्यांपैकी अजून एकानंही केलेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मेसेज कराल तर खर्च सांगतो: पहिला मोडलेला धरून एक लाख नव्वद हजार. पण आधी सही करा. कार्तिकी जवळ आलीय, आणि मायनं यंदा वाटेत पाणी प्यावं असं मला वाटतं.