कॅसेट की सीडी?

घरात गेमिंग कन्सोल घ्यायचा विषय निघाला की मुलं आधी ग्राफिक्सचं बोलतात. मी मात्र पहिल्यांदा विचारतो, गेम येतो कशावर? प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नाने एकेकाळी निन्टेंडोची आघाडी घालवली.

सोनीचं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलं, ते सीडी घेऊन. जून १९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ ने मात्र कार्ट्रिजच ठेवलं. कार्ट्रिज म्हणजे आपल्याकडे टीव्ही गेममध्ये खोचायची ती 'कॅसेट'. तिच्यात टेप नसते, गेम चिपवर असतो. काही फिरायचं नसल्यामुळे माहिती जवळजवळ लगेच मिळते. सीडीवरून ती सेकंदाला जेमतेम ३०० केबी यायची, म्हणून प्लेस्टेशनवर 'लोडिंग' बघत बसावं लागे.

मग सोनी जिंकली कशी? जागेमुळे आणि पैशामुळे. निन्टेंडो ६४ चं सर्वांत मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं होतं, सीडीत मात्र सुमारे ६५० एमबी मावत. शिवाय चिप महाग, सीडी स्वस्त आणि झटपट छापून होणारी. तोवर निन्टेंडोसाठी 'फायनल फँटसी' बनवणारी स्क्वेअर कंपनी सोनीकडे गेली. १९९७ चा 'फायनल फँटसी ७' सिनेमासारख्या दृश्यांसह तीन सीडींवर आला. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींहून जास्त विकलं गेलं, निन्टेंडो ६४ सुमारे ३.३ कोटी.

तरी कार्ट्रिज वाया गेलं असं मी म्हणणार नाही. 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'चं एवढं मोठं जग निन्टेंडोने ३२ एमबीत बसवलं. जागा कमी असली की डोकं जास्त चालवावं लागतं!

आता प्लेस्टेशन ५ मध्ये वेगवान एसएसडी आहे, त्यामुळे लोडिंगची कटकट बरीच कमी झाली. पण त्याच्या डिजिटल एडिशनला डिस्कची खाचच नाही. म्हणजे खेळून झालेला गेम मावसभावाला देता येत नाही, जुन्या बाजारात विकताही येत नाही. तेव्हा मुलांनो, दुकानात ग्राफिक्स जरूर बघा. पण आईबाबांचे पैसे मोजण्याआधी कन्सोलला डिस्कची खाच आहे का, तेही बघून घ्या.