पुतळ्याचा हात

नेरूळला आमच्या शेजारची एक मुलगी नर्सिंग शिकते. परवा जेवताना तिने वर्गातली गंमत सांगितली. सरावाच्या पुतळ्याचे अंग पुसायचे होते. हिने अलगद हात उचलला, तर तो खांद्यापासून निखळून हिच्याच हातात आला! "आजोबा, घाबरू नका हं," ही पुतळ्यालाच म्हणाली आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. लघवीच्या नळीचा धडा आला, तेव्हा मात्र कुणी मान वर करीना.

"मुलींनी शिकायच्या का या गोष्टी?" आजीने नाक मुरडले. मुलगी गप्प झाली.

मला माझे बँकेतले पहिले दिवस आठवले. नोटा मोजायला आम्ही कोऱ्या कागदांच्या गड्ड्यांवर शिकलो. चुकलो, एकमेकांना हसलो. तिथे चूक झाली तर पैसे जात. इथे माणसाची लाज जाते. म्हणून हसू आणि संकोच दोन्ही पुतळ्यापाशीच संपलेले बरे.

१८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. शुश्रूषा ही रीतसर शिकण्याची विद्या आहे, हे तेव्हापासून जगाला उमगू लागले. आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत ते अजून पुरते पोचलेले नाही.

उद्या मी अंथरुणाला खिळलो, तर माझ्याखाली भांडे सरकवताना जिच्या चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही, ती मुलगी आज त्या वर्गात हसते आहे. तिला हसू द्या. आणि घरी येऊन सांगूही द्या.