नावात काय आहे, हे विचारणाऱ्यांना

"पुतळ्याने पोट भरते का? नाव बदलून काय मिळणार?" हा प्रश्न आपल्याला नेहमी ऐकवला जातो. विचारणारे बहुतेक तेच असतात, ज्यांच्या थोरामोठ्यांची नावे रस्त्यांना, पेठांना, शाळांना आधीच लागलेली आहेत. त्यांना एकच सवाल. नावात काही नसेल, तर २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव करताच आमची घरे का जाळली? पोचीराम कांबळेंचा जीव का घेतला? गौतम वाघमारेला स्वतःला का पेटवून घ्यावे लागले? साडेपंधरा वर्षे झुंजून १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो नामांतर नव्हे, नामविस्तार! एवढी दहशत नुसत्या अक्षरांची नसते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला प्रतीकात्मक सत्ता म्हणतो. कोणाला काय म्हणायचे, कोण वरचा, कोण खालचा, हे ठरवण्याची सत्ता. ती लाठीशिवाय चालते, कारण दबलेला माणूसही दाबणाऱ्याच्या चष्म्यातून स्वतःकडे बघू लागतो आणि हे असेच असते असे मानतो. विद्यापीठांत आज बोर्द्यूचे नाव मोठ्या आदराने घेतात. पण बोर्द्यू जन्मला १९३० मध्ये. त्याच्या १४ वर्षे आधी, १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब जातीची उत्पत्ती सांगताना हेच मांडत होते. पुरोहित वर्गाने आधी स्वतःला कोंडून घेतले, आणि त्याची प्रतिष्ठा मोठी म्हणून बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले. काहींनी दार लावले, काहींना ते लावलेले सापडले. प्रतिष्ठेची सत्ता यापेक्षा वेगळी काय असते?

आता नेऱ्याकडे या. इथून काही किलोमीटरवर हिंजवडीचे आयटी पार्क आहे. मुळशीच्या शेतांवर टॉवर उभे राहत आहेत. इमारती नव्या, पण फ्लॅट भाड्याने मागायला गेल्यावर आडनावाची चौकशी जुनीच. "पूर्ण नाव काय?" या साध्या प्रश्नात काय विचारले जाते, हे आपल्या पोरांना सांगावे लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय चांगलाच. पण बदलायच्या नावांची यादी नीट वाचा. तिच्यात महारवाडा, मांगवाडा यांच्याबरोबर बौद्धवाडासुद्धा आहे! १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जात टाकून बौद्ध झालो. गावाने त्या नावाला पुन्हा जातीचाच वास लावला. शब्द आपला, अर्थ मात्र त्यांनी ठरवला.

धडा इथेच आहे. उद्या "भीमनगरात राहतो" म्हटल्यावरही समोरच्याचा चेहरा तसाच बदलणार असेल, तर आपण फक्त पाटी बदलली. पाटी हवीच, पण तिच्यामागे जमीन, पाणी, शाळा, निधी आणि ग्रामसभेतला आवाजही हवा. आणि समतानगर फक्त आपल्याच वस्तीला का? समता गावाची असेल, तर ब्राह्मणआळी आणि पाटीलवाड्याच्याही पाट्या उतरू द्या.

बोर्द्यूच्या मांडणीत दबलेला माणूस बहुतेक वेळा नकळत मान खाली घालतो. बाबासाहेबांनी ती मान वर केली. आपल्या जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. धर्मांतराला तेव्हा जवळपास दोन वर्षे होती. प्रतीक आधी आले, आणि त्याच्यामागे लाखो माणसे चालत आली. ते प्रतीक विचाराने भरलेले होते. आपण मात्र १४ एप्रिलला डीजे लावतो, डीपी निळा करतो आणि १५ तारखेला मोकळे होतो. रिकामे प्रतीक व्यवस्थेला चालते. म्हणून तर सगळे पक्ष हार घालायला रांगेत उभे असतात.

नेरे असो, मारुंजी असो की तुमचे गाव, पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: आपल्या वस्तीचे नाव दप्तरी काय लिहिले आहे? ते कोणी ठेवले? बदलायचा ठराव कधी? लेखी उत्तर मागा.

जय भीम!